सड्यांवरील कंदीलपुष्पाची जनुकीय विविधता : आयएसएसआर पुरेल का, आणि नमुने किती घ्यावेत?

प्रश्न : जांभ्याचा सडा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी येत्या पावसाळ्यात सेरोपेजिया जैनी या कंदीलपुष्पावर पीएच.डी.चे काम सुरू करत आहे. ही जात सह्याद्रीतील जांभ्याच्या सड्यांशी, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांशी, बांधलेली, प्रदेशनिष्ठ अशी आहे. पहिल्या पावसानंतर कंदातून लहानसे खोड वर येते, पाने गवतासारखी अरुंद असतात आणि फूल नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ती सहसा दिसत नाही. पावसाळा सरला की जमिनीवरचा सगळा भाग वाळून जातो आणि पुढच्या पावसापर्यंत फक्त कंद उरतो.

कासचे पठार आणि आंबोली यांच्यात सरळ रेषेत जवळपास दोनशे किलोमीटरचे अंतर आहे. मधले सडे सलग नाहीत. दोन सड्यांच्या मध्ये खोल दऱ्या आणि दाट जंगल असते, जिथे उघड्या जांभ्यावर वाढणारी ही वनस्पती तग धरू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक सड्यावरची वस्ती जनुकीय दृष्ट्या वेगळी पडली आहे का, हा आमचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा, की एका सड्यावर आता अगदी मोजकी झाडे उरली असून तिथे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नातलग झाडांतच प्रजनन, सुरू झाले आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. त्या विरळ झालेल्या सड्यावर कासचे बी आणून टाकावे, असे परिसरातील काही निसर्गप्रेमी मंडळींनी आग्रहाने सुचवले आहे आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे आम्हाला ठरवायचे आहे. कंद उकरून नेणाऱ्यांचा उपद्रव असल्यामुळे मधल्या सड्यांची नावे मी इथे लिहीत नाही.

आमच्याकडे पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवणारे), डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारे जेल चालवण्याची सोय आणि जेलचे छायाचित्र घेणारे यंत्र आहे. अनुक्रमण करणारे, म्हणजे डीएनएतील अक्षरे वाचणारे, यंत्र नाही आणि निधीही मर्यादित आहे. म्हणून दहा आयएसएसआर प्रायमर (डीएनएतील पुनरावृत्तींना चिकटून त्यांच्यामधला भाग वाढवणारे छोटे डीएनए-तुकडे), पाच सडे आणि प्रत्येक सड्यावरील आठ झाडे असा आराखडा केला होता. शेवटी जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांवरून वंशवृक्षासारखी आकृती काढायची, असा विचार होता. आराखडा तपासणाऱ्या एका परीक्षकांनी ‘हे तंत्र जुने झाले आहे’ एवढाच शेरा मारला आहे. तंत्र बदलावे की आराखडा बदलावा, आणि बदलावा तर कसा, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. प्रत्येक झाडाचे एकच पान घेण्याची वनविभागाची परवानगी मिळालेली आहे.

उत्तर १ : सीटॅब

मॅडम, नमस्कार. आयएसएसआर जुने झाले म्हणून टाकून द्यावे, हे मला पटत नाही. आपल्या तीन प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर ते देऊ शकत नाही, तो प्रश्न त्याला विचारू नये, एवढी काळजी मात्र घ्यायला हवी.

हे तंत्र १९९४ साली पुढे आले आणि आजही लहान प्रयोगशाळांना ते परवडते, याचे कारण असे की वनस्पतीच्या जनुकसंचाबद्दल आधी काहीच माहिती लागत नाही. जीए, सीए अशा लहान जोड्यांची पुनरावृत्ती जनुकसंचात सगळीकडे विखुरलेली असते. प्रायमर त्या पुनरावृत्तीला चिकटतो आणि जवळजवळच्या दोन पुनरावृत्तींमधला तुकडा पीसीआरमध्ये वाढतो. जेलवर आपल्याला दिसते ते एवढेच, की पट्टी आहे किंवा नाही. अडचण नेमकी इथे आहे. आईवडील दोघांकडूनही पट्टी देणारे डीएनएचे रूप, म्हणजे पट्टीचा अ‍ॅलील मिळालेले झाड आणि एकाकडूनच मिळालेले झाड, ही दोन्ही जेलवर सारखीच दिसतात. म्हणजे विषमयुग्मजी, दोन वेगळी रूपे असलेली, झाडे मोजताच येत नाहीत.

याचा परिणाम किती मोठा असतो ते एका हिशेबातून स्पष्ट होईल. समजा, एका सड्यावरील २५ झाडांपैकी ९ झाडांत एक पट्टी दिसली नाही, म्हणजे प्रमाण ०.३६ झाले. झाडांचे परागीभवन मुक्तपणे होते असे गृहीत धरले, तर पट्टी नसलेल्या अ‍ॅलीलचे प्रमाण ०.३६ चे वर्गमूळ, म्हणजे ०.६ येते. त्याच सड्यावर पूर्ण अंतःप्रजनन झालेले असेल, तर तेच प्रमाण ०.३६ असते. जेल एकच, पट्ट्या त्याच, आणि उत्तरे दोन. यांपैकी कोणते खरे हे ठरवण्यासाठी अंतःप्रजनन किती आहे हे आधीच माहीत असावे लागते, आणि आपला दुसरा प्रश्न तर तोच आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी आयएसएसआर चालणार नाही. त्यासाठी दोन्ही अ‍ॅलील वेगवेगळे दाखवणारे, म्हणजे सहप्रभावी मार्कर (डीएनएतील ओळखखुणा) हवेत : एसएसआर (पुनरावृत्तीच्या लांबीतला फरक दाखवणारे) किंवा एसएनपी (डीएनएतील एकेका अक्षराचा फरक दाखवणारे).

पहिल्या प्रश्नाची प्राथमिक पाहणी आयएसएसआरवर निश्चितच करता येईल, फक्त वंशवृक्षासारखी आकृती हा निष्कर्षाचा आधार ठेवू नका. अशी आकृती काढणाऱ्या यूपीजीएमए पद्धतीला कुठलीही आकडेवारी दिली तरी ती फांद्या काढूनच दाखवते. प्रत्यक्षात गट नसले तरी आकृतीत ते दिसतात. त्याऐवजी एकूण विविधतेपैकी किती वाटा सड्यांमधील फरकाचा आणि किती सड्याच्या आतला, हे अमोव्हा विश्लेषणाने काढा आणि सारखी झाडे जवळ दाखवणाऱ्या पीसीओए आलेखावर झाडांची मांडणी पाहा. किमान दहा टक्के नमुन्यांचे काम डीएनए काढण्यापासून पुन्हा करा, आणि पट्ट्या वाचणाऱ्या व्यक्तीला नमुना कुठल्या सड्यावरचा आहे हे कळू देऊ नका. पट्टी पुसट असली की आपल्याला अपेक्षित असलेले उत्तर डोळ्यांना दिसू लागते, हा अनुभव प्रत्येक प्रयोगशाळेत येतो.

आता डीएनए काढण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखी विद्यार्थिनी सर्वांत जास्त इथेच अडकते. अशा मांसल कंदाच्या वनस्पतींच्या पानांत चिकट शर्करायुक्त द्रव्य भरपूर असण्याची शक्यता असते. सीटॅब रसायनाच्या नेहमीच्या पद्धतीने काढलेला डीएनए आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर पांढऱ्या धाग्यासारखा न दिसता जेलीसारख्या गोळ्यात अडकून येतो, पिपेटच्या टोकाला चिकटतो आणि पाण्यात नीट विरघळत नाही. २६० आणि २८० नॅनोमीटर या तरंगलांबींवरील प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ आले म्हणून समाधान मानू नये. २६० आणि २३० यांचे गुणोत्तर एकच्या आसपास राहिले असेल, तर चिकट द्रव्य किंवा फेनॉलवर्गीय रसायने अजून त्यात आहेत असे समजावे, आणि असा डीएनए पीसीआर बंद पाडतो. नेहमीच्या द्रावणात मिठाचे प्रमाण १.४ मोलर असते, ते वाढवून दोन मोलरच्या पुढे नेले, पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल (फेनॉलवर्गीय रसायनांना आवरणारी द्रव्ये) घातले आणि क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा केली, तर बहुतेक वेळा काम होते. पान तोडल्याबरोबर चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून सिलिका जेलमध्ये ठेवावे. पावसाळी हवेत सिलिका जेल लवकर निकामी होते, त्यामुळे रंग बदलणारे दाणे त्यात मिसळावेत आणि रंग बदलताच सगळे जेल बदलावे. २० मिलिग्रॅम वाळलेले पान पीसीआरसाठी भरपूर होते, म्हणून एका पानाच्या परवानगीत काम सहज बसते.

उत्तर २ : पठारफुले

वरच्या उत्तरातील प्रयोगशाळेचा भाग उत्तम आहे. मी सड्यावरच्या कामाबद्दल लिहितो, कारण नमुने कसे गोळा केले यावर या अभ्यासाचे निम्मे भवितव्य ठरेल आणि ती चूक नंतर कुठलेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

कंदीलपुष्पांचे परागीभवन फार लहान माश्यांकडून होते. माशी वासाने फुलाकडे येते, नळीत उतरते आणि आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे काही काळ आत अडकून पडते; केस कोमेजले की ती बाहेर पडते आणि जाताना परागपिंड घेऊन जाते. या कुलातील वनस्पतींचे पराग सुटे नसतात, तर एका पिंडात शेकडो कण एकत्र असतात. म्हणून फळ धरले की एका शेंगेतील बहुतेक सगळ्या बियांचे वडील एकच झाड असते आणि त्या बिया परस्परांच्या सख्ख्या भावंडांसारख्या असतात. बियांना रेशमी केसांचा झुबका असतो आणि काही बिया वाऱ्याबरोबर दूर जातात, पण बऱ्याचशा आईच्या आसपासच्या गवतात अडकतात. आता विचार करा, की सड्यावर एका कोपऱ्यात दाटीने उगवलेली आठ झाडे दिसली आणि सोयीची म्हणून तीच घेतली, तर कदाचित एकाच शेंगेतली भावंडे हाती लागतील. त्यांच्यात विविधता कमी दिसेल, सड्यासड्यांतला फरक आहे त्याहून मोठा दिसेल, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतील.

म्हणून सडा आधी पायाखाली घाला. जीपीएसवर प्रत्येक झाडाची नोंद करा आणि मगच, सड्याचा सगळा पसारा व्यापेल अशा रीतीने, एकमेकांपासून काही मीटर दूर असलेली झाडे निवडा. त्याबरोबर एका छोट्या चौकटीतील सगळी झाडे मुद्दाम वेगळा संच म्हणून घेतली, तर जवळची झाडे किती जवळची नातलग आहेत हे स्वतंत्रपणे तपासता येईल. दोन संच एकमेकांत मिसळू मात्र नयेत.

कंदाची बाब अनेकदा विसरली जाते. खोड दरवर्षी मरते, पण कंद वर्षानुवर्षे जगतो आणि एखाद्या वर्षी तो कोंब न काढताही जमिनीत स्वस्थ राहू शकतो. त्यामुळे एका वर्षी मोजलेली झाडे म्हणजे वस्तीतील एकूण कंद नव्हेत. ‘मोजकी झाडे उरली’ हे विधान करण्यापूर्वी किमान दोन-तीन पावसाळे मोजणी व्हायला हवी. यातून आणखी एक मुद्दा निघतो. आज फुललेली झाडे वस्ती विरळ होण्याआधी रुजलेली असू शकतात, आणि तसे असेल तर त्यांच्या डीएनएमध्ये जुन्या, भरलेल्या सड्याची विविधता दिसेल आणि सारे आलबेल वाटेल. अंतःप्रजनन झाले आहे का हे खरे तर नव्या पिढीत पाहायचे असते. परवानगी वाढवून घेऊन प्रत्येक सड्यावरच्या काही शेंगांमधील थोडे बी कुंडीत रुजवा आणि त्या रोपांची आईशी व मोठ्या झाडांशी तुलना करा. माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाची माहिती तिथे मिळेल.

रंगसूत्रांची संख्याही एकदा पाहून घ्यावी. या प्रजातीतील बहुसंख्य जातींत ती २२ आहे, पण वनस्पतींत रंगसूत्रांचे संच दुप्पट होणे असामान्य नाही, आणि एखाद्या सड्यावर ४४ रंगसूत्रांची झाडे निघाली तर अ‍ॅलील मोजण्याचे सगळे हिशेब बदलतात. कुंडीत रुजवलेल्या रोपाच्या मुळाच्या टोकावरून हे काम आपल्या महाविद्यालयातही होऊ शकते.

उत्तर ३ : दूरचा सह्याद्री

मी सध्या ऑस्ट्रेलियात वनस्पतींच्या जनुकसंचावर काम करतो. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही.

माझा आग्रह असा, की निधी दोन ठिकाणी वाटण्यापेक्षा आयएसएसआरवर फक्त पहिल्या वर्षाची चाचणी करावी आणि मुख्य काम डीडीरॅड या पद्धतीने, बाहेरून अनुक्रमण करून घेऊन करावे. २०१२ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत दोन विकरांनी (एन्झाइमांनी) डीएनए कापून ठरावीक लांबीचे तुकडे वेगळे करतात आणि तेवढेच वाचतात. जनुकसंच आधी माहीत नसला तरी शेकडो ते हजारो एसएनपी मिळतात आणि ते सहप्रभावी असल्यामुळे विषमयुग्मजी झाडे थेट मोजता येतात. अट एकच, डीएनए अखंड आणि स्वच्छ हवा. वर सांगितलेले चिकट द्रव्य उरले तर विकर कापायचेच नाकारतो. एसएसआर हा मधला मार्ग आहे, पण या जातीसाठी प्रायमर शोधण्यात बराच वेळ जाईल. दुसऱ्या जातीचे प्रायमर वापरले, तर प्रायमर न चिकटल्यामुळे न दिसणारे अ‍ॅलील निघतात. असे अ‍ॅलील असले की विषमयुग्मजी झाड समयुग्मजी (दोन्ही रूपे सारखी असलेले) दिसते आणि नसलेले अंतःप्रजनन कागदावर उमटते.

नमुन्यांची संख्या तुम्ही काय शोधता यावर अवलंबून आहे. सड्यासड्यांतला फरक मोजायचा असेल आणि हजारो एसएनपी हाताशी असतील, तर प्रत्येक सड्यावरची आठदहा झाडेही चालतात, कारण प्रत्येक झाडातून हजारो ठिकाणची माहिती मिळते. दहा आयएसएसआर प्रायमर आणि आठ झाडे हे प्रमाण मात्र तुटपुंजे आहे. आणि दुर्मीळ अ‍ॅलील शोधायचे असतील तर मार्कर कितीही असले तरी झाडेच जास्त लागतात. वस्तीत पाच टक्के प्रमाणात असलेला अ‍ॅलील ३० झाडांत, म्हणजे ६० प्रतींत, निदान एकदा सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. आठ झाडांत तीच शक्यता ५६ टक्क्यांवर येते. वस्ती आकसली की सर्वांत आधी दुर्मीळ अ‍ॅलील नाहीसे होतात, तर विषमयुग्मजी झाडांचे प्रमाण फार हळू, दर पिढीला प्रजननात सहभागी झाडांच्या संख्येच्या दुपटीने एकला भागून येईल तेवढे, घटते. अशी ५० झाडे असतील तर दर पिढीला एक टक्का. कंद दीर्घायुषी असल्याने पिढीही लांब असते, म्हणून विरळ झालेल्या सड्यावर पहिला बदल दुर्मीळ अ‍ॅलीलच्या संख्येत शोधा.

एफएसटी, म्हणजे वस्त्यांमधील जनुकीय फरक दाखवणारा आकडा, हाती आला की त्यावरून ‘दर पिढीला इतकी झाडे स्थलांतर करतात’ असे सूत्राने काढून लिहायचा मोह होतो. एफएसटी ०.२ असेल तर सूत्र एक हे उत्तर देते. ते सूत्र वस्त्या असंख्य पिढ्या एकाच आकाराच्या आणि समतोलात राहिल्या, या गृहीतकावर उभे आहे, आणि सह्याद्रीतील सड्यांना ते लागू पडेल असे मला वाटत नाही. हा आकडा फरक किती आहे ते सांगतो. तो फरक आजच्या तुटलेपणामुळे आहे की हजारो वर्षांपूर्वीच्या, हे सांगत नाही. तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवा, की अनेक जातींच्या जुन्या, प्रथिनांवर आधारित अभ्यासांच्या सरासरीत स्वपरागण करणाऱ्या वनस्पतींत वस्त्यांमधील फरकाचा वाटा साधारण ०.५, कीटकांकडून परपरागण होणाऱ्यांत ०.२ आणि वाऱ्याने परागण होणाऱ्यांत ०.१ असा आढळला होता.

या जातीबद्दल मला सर्वांत कुतूहल वाटते ते हरितलवकाच्या डीएनएचे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो फक्त आईकडून, म्हणजे बियांमार्फतच पुढे जातो, तर केंद्रकातला डीएनए बिया आणि पराग दोन्हींबरोबर प्रवास करतो. सर्वसाधारणपणे पराग बियांपेक्षा दूर जातात. इथे पराग नेणारी माशी चिमुकली आहे, आणि बी मात्र वाऱ्यावर तरंगणारे आहे, त्यामुळे चित्र उलटेही असू शकेल. दरी ओलांडते ती माशी की बी, याचे उत्तर दोन्ही डीएनएंची तुलना करून मिळेल. हरितलवकाचे दोन-तीन भाग अनुक्रमित करून घेणे खर्चिक नाही. ते आराखड्यात जरूर घाला.

आणि विविधता फारच कमी निघाली तर विद्यार्थिनीने घाबरून जाऊ नये. इथल्या वॉलेमाय पाइनचा शोध १९९४ मध्ये लागला; निसर्गात त्याची शंभराहूनही कमी मोठी झाडे आहेत आणि सुरुवातीच्या एएफएलपी (डीएनए-तुकड्यांच्या) तपासणीत शेकडो मार्कर पाहूनही झाडाझाडांत फरक सापडला नव्हता. तरीही ती झाडे एका घळीत दीर्घकाळ टिकून आहेत. पण तिथे २००५ मध्ये मुळे कुजवणारा फायटॉफ्थोरा हा बुरशीसदृश रोगकारक सापडला, तेव्हा सगळेच धास्तावले, कारण एका झाडाला जो रोग मारतो तो सर्वांनाच मारू शकतो.

जांभ्याचा सडा

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. आराखडा आता असा बदलते आहे : पहिल्या पावसाळ्यात सगळ्या सड्यांवर मोजणी आणि जीपीएस नोंद, मोठ्या सड्यांवर प्रत्येकी तीस झाडांची पाने, विरळ सड्यावर सापडतील तेवढ्या सर्व झाडांची, त्यांतील निवडक नमुन्यांवर आयएसएसआरची चाचणी, आणि पैसे वाचवून दुसऱ्या वर्षी डीडीरॅड. हरितलवक आणि रंगसूत्रांचे काम यात घातले आहे. बी रुजवण्यासाठी परवानगीचा वेगळा अर्ज करत आहोत.

तिसऱ्या प्रश्नाकडे मात्र कुणी वळले नाही. ही मंडळी प्रामाणिक आहेत, सड्यावरचा कचरा उचलतात, पर्यटकांना वाट सोडून चालू देत नाहीत, आणि त्यांना ‘दोन वर्षे थांबा’ एवढेच सांगणे मला जड जाते. कासचे बी आणावे की आणू नये?

उत्तर ४ : बीजपेटी

मॅडम, बी आणण्याची घाई करू नये असेच मीही म्हणेन, पण ‘स्थानिक वस्ती शुद्ध राहिली पाहिजे’ एवढ्या एका कारणासाठी ते कायमचे नाकारूही नये. दोन्ही बाजूंची उदाहरणे जगात आहेत.

अमेरिकेत लेकसाइड डेझी या दुर्मीळ फुलझाडाची इलिनॉय राज्यात उरलेली शेवटची वस्ती कितीतरी वर्षे फुलत होती, पण बी धरत नव्हती. ही वनस्पती स्वतःचे किंवा स्वतःसारख्याच जनुकीय गटातील झाडाचे पराग स्वीकारत नाही, आणि उरलेली सगळी झाडे एकाच गटातली होती. ओहायोतील झाडांशी संकर केल्यावर बी धरले आणि त्यातून पुनर्वसन शक्य झाले. तिथे बाहेरची झाडे आणली नसती तर ती वस्ती आहे त्या झाडांबरोबरच संपली असती. उलट ऑस्ट्रेलियातील रुटिडोसिस लेप्टोरिंकॉइडिस या गवताळ प्रदेशातील वनस्पतीत काही वस्त्यांत रंगसूत्रांचे दोन संच आहेत, तर काहींत चार. अशा दोन वस्त्या एकत्र आणल्या तर तीन संचांची, प्रजननात दुबळी संतती निपजते, म्हणजे मदत करायला जाऊन आपणच वस्ती खिळखिळी करतो. वर ‘पठारफुले’ यांनी रंगसूत्रे मोजायला सांगितली आहेत, ते या कारणासाठीही आवश्यक आहे.

म्हणून निर्णयाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. विरळ सड्यावर शेंगा धरतात का, हे आधी पाहा. फुले येऊनही शेंगा धरत नसतील तर कारण जनुकीय असेल किंवा माश्याच उरल्या नसतील, आणि ते वेगळे करण्यासाठी एकाच सड्यावरील दूरच्या दोन झाडांत हाताने परागीभवन करून पाहता येते. परागपिंड सुईने हलवणे नाजूक काम असले तरी ते शक्य आहे. शेंगा व्यवस्थित धरत असतील, तर त्या सड्याची अडचण बहुधा कंद उकरण्याची, वाहने आत घालण्याची किंवा वेळी-अवेळी लागणाऱ्या वणव्याची आहे, आणि कासचे बी आणून ती सुटणार नाही. तिथलेच बी रोपवाटिकेत वाढवून तिथेच परत लावणे, हे अशा वेळी सर्वांत सुरक्षित आहे. डीडीरॅडमध्ये तो सडा खरोखर दरिद्री निघाला, रंगसूत्रे सगळीकडे सारखी असली, आणि स्थानिक बियांच्या रोपांचा जोम कमी दिसला, तर बाहेरचे बी आणायचा विचार करावा. तेव्हाही दोनशे किलोमीटर दूरच्या सड्यापेक्षा जनुकीय दृष्ट्या सर्वांत जवळच्या आणि तशाच पावसाच्या सड्याला पहिली पसंती द्यावी, आणि आधी कुंडीतील संकरित रोपांना फुले-फळे येताना पाहावे.

बी गोळा करताना शेंगेचा मुद्दा विसरू नका. एका भरगच्च शेंगेतील पन्नास बिया म्हणजे एकाच आईवडिलांची पन्नास मुले. त्यापेक्षा पंचवीस झाडांवरच्या वेगवेगळ्या शेंगांतून दोन-दोन बिया घेतल्या, तर सड्यावरची विविधता कितीतरी जास्त हाती येते आणि कुठल्याही एका झाडाचे नुकसान होत नाही. त्या मंडळींना हेच काम द्या. शेंगांना तडकण्यापूर्वी मलमलीच्या पिशव्या बांधणे, झाडाचा क्रमांक लिहिणे आणि दर आठवड्याला पाहणी करणे, यासाठी सड्याच्या जवळ राहणारी माणसेच लागतात. वनविभागाच्या परवानगीत त्यांची नावे घालून घ्या.

उत्तर २ : पठारफुले

एक राहिलेली गोष्ट. प्रत्येक सड्यावरील एका झाडाचा फुलासह हर्बेरियम नमुना, निदान कंद न उकरता घेतलेली एक फांदी, अधिकृत वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक डीएनए नमुन्याशी जोडा. अरुंद पानांची कंदीलपुष्पे फुलाशिवाय ओळखताना जाणकारांचाही घोटाळा होतो, आणि एखाद्या सड्यावरचे नमुने आलेखात फारच दूर जाऊन बसले, तर ती वेगळी वस्ती आहे की वेगळी जातच आहे, हे त्या वाळलेल्या फुलावरूनच ठरेल. शोधनिबंधात अक्षांश-रेखांश छापताना ते दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत द्या, म्हणजे साधारण दहा किलोमीटरच्या परिसराहून अधिक नेमका माग कुणाला लागणार नाही. अचूक नोंदी वनविभागाकडे आणि संग्रहालयाकडे राहू द्या.

पानांच्या संकलनाला जुलैच्या मध्याला सुरुवात करा. त्याआधी ती गवतात सापडणार नाहीत, आणि फुले उमलू लागली की सड्यांवर गर्दीही वाढते.